तुरीला दिलेली वर्दी

मास्तरांच्या तुरीला मी खडू पाजला. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना तोंड लपवावं लागणार नाही.

मास्तर निवृत्त विज्ञानशिक्षक. गुडीहत्नूरजवळ, घरामागेच त्यांचा शेताचा एक तुकडा होता आणि त्या मातीत तूर टिकत नसे. फुलोऱ्यात आली की उभ्याउभ्या वाळायची. खोड चिरलं तर आत काळी रेघ. या रोगाला सगळे ‘मर’ म्हणतात. मास्तर मात्र चिडत.

“झाडासमोर मर मर काऊन करता? तुमाले कोनी म्हनलं तं?”

गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी शेतकी कचेरीत नवा सहायक होतो. मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की झाडातही संप्रेरकं असतात. बुरशी मुळाशी आली की त्यांतलं एक झाडभर धोक्याची खबर पसरवतं आणि मुळं आपल्या भिंती जाड करू लागतात. ॲस्पिरीन त्या द्रव्याचं चुलतभावंड. मग ही खबर बुरशीच्या आधी आपणच दिली तर?

“हे औषद नोहे,” ते सांगत. “हे वर्दी हाय. चोर यायच्या आंधी पोलीस पाटलाले देतो तशी. पन येळेवर द्या लागते.”

मग उकिडवे बसून बोटाच्या पेरानं जमिनीवर तीनदा टकटक करत. “दारं लावा बाप्पा, पाव्हने येऊन राह्यले!”

तुम्ही हसलात ना? मीही हसलो होतो. गाव तर हसायला टपलेलंच होतं.

आमच्या साहेबांनी शब्द दिला होता. गोळीच्या चार ओळी उभ्या राहिल्या, तर पुढच्या हंगामात सरकारी फार्मवर अर्धा एकर मास्तरांच्या प्रयोगाला. त्या अर्ध्या एकराचा नकाशाही मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर काढून ठेवला होता. लबाडीचा आळ नको म्हणून त्यांनी स्वतः गोळ्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. ॲस्पिरीनच्या गोळ्यांची बरणी माझ्याकडे. दर गुरुवारी मीच गोळ्या पाण्यात विरघळवायच्या आणि त्या चार ओळींना घालायच्या. तेव्हापासून मी त्यांचा ‘साक्षीदार’ झालो.

“काहो साक्षीदार, बरनी खुशाल हाय ना?”

पहिले दोन गुरुवार खुशाल होती. मग माझी दाढ दुखायला लागली. एक गोळी खाल्ली, मग दुसरी. कचेरीतल्या कारकुनाचं डोकं, शिपायाची कंबर, सगळ्यांना बरणीचा पत्ता लागला. एका गुरुवारी तळाशी पाहिलं तर दोनच गोळ्या उरलेल्या. आदिलाबादला जाऊन आणता आल्या असत्या. पण मास्तरांच्या खिडकीत शाळेतल्या खडूंचा डबा होता. चार कांड्या कुटून बादलीत टाकल्या. पाणी दुधासारखं झालं.

बादलीत डोकावून मास्तर खूश. “वा! आज मस्त उतरली गोळी!”

पुढचे सगळे गुरुवार मी खडूवरच काढले.

फुलोऱ्यात चारही ओळी शेजारच्या ओळींसारख्याच माना टाकून वाळल्या. साहेब आले, माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, “मास्तर, तुरीले ताप होता. गोळीनं का होते, सुई टोचा लागत होती!” सगळे खदखदले. मास्तरांनी एक खोड चिरलं, काळी रेघ पाहिली.

“मात्रा चुकली माही,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “साक्षीदारानं तं नेमानं घातलं. त्याचा दोष नाही.”

मी मान खाली घालून उभा राहिलो.

अर्धा एकर गेला. ज्या माणसाला उभ्या नोकरीत टोपणनाव ठेवायची कोणाची छाती झाली नाही, त्याला गाव ‘गोळीमास्तर’ म्हणू लागलं. माझी उटनूरला बदली झाली. खऱ्या गोळीनं ती तूर वाचली असती का, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे.

मास्तर आता नाहीत. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी मी मन घट्ट करून त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

“मास्तर, माझ्याकडून एक चूक झाली,” मी हळूच म्हणालो, आणि सांगितलं.

त्यांनी कानामागे हात धरला. “आँ? कान गेले बाप्पा माये. मोठ्यानं.”

मी आवाज चढवला. समोर डाळ निवडणाऱ्या बायांचे हात थांबले.

“काय घातलं म्हनता?”

“खडू!”

“कोनं?”

“मी!”

पानठेल्यावरची माणसं वळली. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. कपबशी ठेवताना जवळजवळ कुजबुजल्या, “मामाजी, साखर कमी टाकली, चालन ना?”

“चालते,” मास्तर म्हणाले, आणि हात पुन्हा कानामागे. “हं, साक्षीदार. मंग गोळ्या कुठी गेल्या?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोटाच्या पेरानं ओट्यावर तीनदा टकटक केली.

मी उठलो, गल्लीकडे तोंड केलं आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो, “गोळ्या मी खाल्ल्या! तुरीला खडू घातला! मास्तरांची मात्रा चुकली नव्हती, मी चुकलो! मास्तर, मला माफ करा!”