गरम बोनेट

मंडळी, आज सकाळी हिंगोलीच्या गॅरेजवर मान खाली घालून उभा होतो.

जुनी गाडी घेताना तुमच्यापैकी कितीतरी जण मला सोबत नेता. शाळा कमी झाली, पण आवाजावरून इंजिन ओळखतो, असं माझं नाव. पुसेगावच्या आमच्या दाजींनी दोन म्हशी विकून भाड्यानं चालवायला गाडी घेतली, तीही माझ्या कानावर विसंबून.

चारच महिने झाले. आता दर आठवड्याला लिटरभर ऑइल टाकावं लागतं अन् मागून निळा धूर. आज मिस्त्री म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तुमाला दाखवताना जाड ऑइल टाकलं आसन, म्हणून आवाज दबला. थंड गाडी चालू करून पाह्यली व्हती का?"

न्हाई पाह्यली. आम्ही पोचलो तेव्हाच बोनेट गरम होतं, म्हणजे गाडी आधीच तापवून ठेवलेली; माझा हातही लागला होता. पण विकणारा म्हणाला, "शेठ, तुमच्या कानापुढं काय लपून राह्यतंय?" अन् मी खूश होऊन चहा पीत बसलो. सकाळी न सांगता जा, थंड इंजिन ऐका, हे तुम्हाला सांगणारा मीच.

गाडी पंधरा दिवस गॅरेजात. जीपमधून परत येताना दाजींना बहिणीचा फोन आला. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "किरकोळ हाय. दादा हायेत ना सोबत."

तिला खरं मीच सांगणार आहे. पण उद्या शिरड शहापूरला एकानं गाडी ऐकायला बोलावलंय. जाऊ का? तुमीच सांगा.