बाबांचं भेव

परवा सुती साडीला खळ देताना भाताच्या पेजेचा आंबूस वास नाकात शिरला आणि मी पुन्हा नऊ वर्षांची झाले.

त्या दुपारी मी शाळेतून रडतच सुताला खळ लावणाऱ्या विणकरांच्या आमच्या गल्लीत शिरले होते. आकाशात फिरणारी अमेरिकेची प्रयोगशाळा कोसळणार, अशी बातमी होती. बाबा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते.

"बाबा, आपल्या घरावर पडन का ते?"

"एवढ्या मोठ्या दुनियेत आपलंच घर काहून सापडन त्याले?" बाबा हसले. मग आडवं सूत नेणारा धोटा हातातच धरून हळू आवाजात म्हणाले, "मले तं त्या पॉवरलूमचं भेव वाटते वं."

मला हसू आलं. मशीनला कोण भितं? मी खड्ड्यात त्यांच्या पायांशी जाऊन बसले. वर माग खटखटत राहिला, सुताचे बारीक तंतू केसांवर पडत राहिले आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली.

प्रयोगशाळा दूर कुठेतरी पडली. पॉवरलूमच्या स्वस्त कापडापुढे तीन वर्षांत बाबांचा माग मात्र विकला गेला आणि ते नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात पोती उचलू लागले.

"आजी," परवा खळ देताना शेजारी उभ्या नातीनं विचारलं, "मी तुझ्याएवढी होईन तेव्हा उन्हामुळे नागपुरात राहता येईल का गं?"

'काही होत नाही' हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळून मी तिला जवळ बसवलं. "काय काय वाटते तुले, सांग मले."

ती बराच वेळ बोलत होती. बाबांना मी हे एकदाही विचारलं नाही.