हाताचा गुण

गोडादऱ्यात कुणाचा पाय मुरगळला की माणसं आधी आमच्या शाळेत येत. गजेंद्र सर शिकवायचे खो-खो, पण त्यांचा दवाखाना मैदानातल्या लिंबाखाली. वडील खानदेशात पहिलवान, लचक काढायला त्यांच्याकडूनच शिकलेले. कोमट तेलानं चोळायचं, बोलण्यात गुंतवायचं आणि झटक्यात ओढायचं. डॉक्टरचं नाव काढलं की सर फुरंगटून बसत. मी त्यांना हाडवैद्य म्हणून चिडवायचे. मराठी शिकवणारी बाई मी, मला त्यातलं काय कळतंय!

दोन वर्षांपूर्वी, जिल्ह्याच्या सामन्याला चार दिवस असताना, नववीतली सोनाली खांबाशी वळताना पडली. घोटा टम्म सुजला.

"एक्स-रे काढू या का?" मी विचारलं.

"मॅडम, खांदे धरा."

मी धरले. पोरगी किंचाळली आणि सर म्हणाले, "बसलं!"

तीन दिवस सोनाली घरी पडून होती. चौथ्या दिवशी सरांनी पट्टी आवळून तिला खेळवलं, ती पहिल्याच धावेत कोसळली. हाड आधीच मोडलेलं होतं, ओढल्यानं आणि खेळल्यानं सरकलं, असं इस्पितळात डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं. तेवढ्यात तिची आई, सुभद्राबाई, धावत आली. ती दिवसभर कारखान्यात, तिला घरचं काय ठाऊक!

"घरी आराम केला नाही हिनं," सर तिला म्हणाले.

खाटेवरून सोनालीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

पाय अधू राहिला. शाळा सुटली. सोनाली घरी साड्यांवर खडे चिकटवते आणि आईचे टोमणे खाते.

गेल्या आठवड्यात सुभद्राबाई तिला आणि एका भाचीला घेऊन मैदानात आली. भाचीचं मनगट सुजलं होतं.

"सर, तुमना हातले गुण शे. आमनीच पोर घरमा बठनी नई. देखा बरं हिना हात."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हिले दवाखानामा लई जा," ते म्हणाले. "सोनाली घरमाच व्हती. तिना पाय मी बिघाडा. मी खोटं बोलनू." एवढं बोलून ते लिंबाखाली बसले आणि रडू लागले.

सुभद्राबाई लेकीकडे बघतच राहिली. सोनाली माझ्याकडे वळली.

"मॅडम, त्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते."