एकशे बासष्टावी मॅच

सरकारी सेवानियमांप्रमाणे बेसबॉल खेळवणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते नारायण पेठेत राहतात आणि मी शनिवार पेठेत, म्हणजे हाक मारली की जावं लागतं एवढ्या अंतरावर. हे अंतर थोडं वाढलं असतं तर माझं आयुष्य बरंच सोपं झालं असतं.

साडूभाऊ गेल्या वर्षी निवृत्त झाले. सारी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली. म्हणजे लोकांच्या बदल्या, रजा, बढत्या आणि ज्येष्ठता याद्या. निवृत्तीनंतर महिनाभरात त्यांच्या वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड बंगलोरला गेलं आणि जाताना व्हिडिओ गेमचं एक जुनं यंत्र त्यांच्याकडे ठेवून गेलं. त्यात खेळ एकच, बेसबॉलचा. "क्रिकेटचा आणा की," मी म्हणालो. "का? हा काय नासलाय?" साडूभाऊंनी विचारलं. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. कसले चार दिवस आणि कसलं काय! त्या खेळात अमेरिकेतल्या कुठल्याशा गावचा अख्खा संघ आपल्या ताब्यात मिळतो. खेळाडू ठेवायचे, काढायचे, बदलायचे आणि एकशे बासष्ट मॅचचा एक हंगाम पार पाडायचा. एक बटण दाबलं तर यंत्र स्वतःच मॅच उरकून निकाल सांगतं. शहाणी माणसं तेच करतात म्हणे. साडूभाऊंनी ते बटण एकदाही दाबलं नाही. "न वाचता सही? आमच्या शाखेत चाललं नाही हो असलं." मग रोज दुपारी चारच्या चहाबरोबर एक मॅच. गुरुवारी सुट्टी, कारण गुरुवारी वीज जाते. आणि साक्षीला मी.

मला बेसबॉलमधलं काय कळतं? शून्य. बरं, शंभर मॅच पाहिल्यावर तरी कळावं? तेही नाही. एखादा चांगला उंच फटका मारतो, मी "वा!" म्हणतो, तर तो म्हणे बाद. एखादा नुसता खांबासारखा उभा राहतो, बॅट हलवतसुद्धा नाही, तर त्याला चालत चालत पुढच्या ठाण्यावर जायची मुभा. बरोबरी झाली तर खेळ संपतच नाही. एकदा चौदा डाव झाले, चहा दोनदा झाला आणि मला बायकोचा फोन आला की तुम्ही तिकडे जेवणार आहात का. मी साडूभाऊंना शंका विचारतो. ते पडद्यावरची नजर न काढता म्हणतात, "नियम आहे." यापुढे पुण्यात कोणी काही विचारत नाही.

पण त्यांचे स्वतःचे नियम बेसबॉलवाल्यांच्या नियमांपेक्षा भयंकर. फलंदाजीला कोणी आधी जायचं? जो दणके मारतो तो, असं कोणीही म्हणेल. साडूभाऊ नोकरीत कोण आधी लागला ते पाहतात. परिणामी पहिले तीन जण गुडघे धरून धावणारे. दुखापत झाली की वैद्यकीय रजा, आणि रजा संपेपर्यंत त्याच्या जागी कोणालाही कायम करायचं नाही. खेळाडूला खालच्या संघात पाठवलं की ती प्रतिनियुक्ती. प्रतिस्पर्ध्याचं लक्ष नसताना पुढचं ठाणं पळवता येतं, त्याला त्या खेळात चोरीच म्हणतात. ती आमच्या संघाला सक्त मना. "चौकशी लागली तर तुम्ही जाणार आहात का?" असं मलाच विचारलं. अशाने संघ दणकून हरायचा. साडूभाऊंना त्याचं काही नव्हतं. त्यांचा सगळा जीव अडकला होता तो अण्णांत.

अण्णा म्हणजे त्यांच्या संघाचा चेंडू टाकणारा. एक्केचाळीस वर्षांचा, पिकल्या दाढीचा, डावखुरा. खरं नाव चार ओळींचं होतं, म्हणून अण्णा. यंत्र दर पंधरवड्याला सुचवायचं, की याला काढा, नाहीतर दुसऱ्या संघाला देऊन टाका. साडूभाऊ संतापायचे. "शेवटच्या वर्षात माणसाची बदली करत नाहीत! एवढंही कळत नाही याला?" हंगाम संपला की अण्णा निवृत्त होणार, असं पडद्यावर आलं होतं. त्या खेळात जिंकलेली मॅच चेंडू टाकणाऱ्याच्या नावावर मांडतात, आणि हंगामभरात अण्णांच्या नावावर एकही नव्हती. "एक तरी जिंकून गेले पाहिजेत," साडूभाऊ रोज म्हणायचे. "हात हलवत घरी जाता कामा नये."

हे एवढं मनाला का लागलंय, ते मला स्वयंपाकघरात ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, सांगितलं. कचेरीतले सगळे निरोप समारंभ साडूभाऊच घडवून आणायचे. शाल, नारळ, पेढे, कोणी बोलायचं, कोणाला आवरायचं, सगळं त्यांच्याकडे. शिपायापासून साहेबापर्यंत कोणाचा चुकू दिला नाही. त्यांच्या स्वतःच्या दिवशी मात्र कोणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात ठेवायचं काम त्यांचंच होतं ना! संध्याकाळी ते डबा घेऊन घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "चहा टाक." ताई हे सांगताना कणीक मळत होत्या, आणि ती गरजेपेक्षा फार जोरात मळत होत्या.

शेवटची मॅच शुक्रवारी आली. मी गेलो तर टीव्हीसमोर ताटात शाल, नारळ आणि पेढे. "मॅच झाली की अण्णांना निरोप. तुम्ही चार शब्द बोलायचे," साडूभाऊ म्हणाले.

"मी? अहो, मला तर..."

"मनमिळाऊ होते, वक्तशीर होते. एवढं सगळ्यांनाच लागू पडतं."

आणि काय सांगू, अण्णा त्या दिवशी खेळले! निदान साडूभाऊंच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं. शेवटचा डाव आला, आपण एकाने पुढे होतो, समोरचा एकच गडी बाद व्हायचा होता. ताईसुद्धा पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभ्या. अण्णांनी हात वर नेला, आणि वीज गेली. शुक्रवारी! गुरुवार सांभाळून सांभाळून शेवटी शुक्रवारी!

नोंद झालीच नव्हती. वीज आल्यावर मॅच पहिल्यापासून खेळावी लागणार होती. साडूभाऊंनी यंत्राचं बटण बंद केलं. मग हळूच म्हणाले, "राहू दे. माणसाला शेवटच्या दिवशी दोनदा कामाला लावत नाहीत. तुम्ही बोला."

मी उभा राहिलो. बंद टीव्हीसमोर बोलायचं म्हणजे काय, मला सुचेना. पडद्यात अण्णा नव्हतेच. खिडकीच्या उजेडात मागच्या खुर्चीत बसलेले साडूभाऊ दिसत होते. मी त्यांच्याकडेच बघून सुरुवात केली. "आपण मनमिळाऊ होता, वक्तशीर होता. कोणाचा दिवस चुकू दिला नाहीत. आणि आमचं मात्र, म्हणजे सगळ्यांचंच, चुकलं." मी नारळ उचलला. तो कोणाच्या हातात द्यायचा ते कळेना. ताई पुढे आल्या, हात पदराला पुसले आणि शाल उचलून सरळ त्यांच्या खांद्यावर घातली.

"अगं, ती अण्णांची," साडूभाऊ म्हणाले.

"असू दे," ताई म्हणाल्या.

साडूभाऊंनी शाल काढली नाही. चष्मा मात्र काढून बराच वेळ पुसला.

याला आता दोन महिने झाले. मी रोज चारला जातो. यंत्र सुरू होतं, पडद्यावर एकशे बासष्टावी मॅच बाकी दिसते, पिकल्या दाढीचे अण्णा तयार उभे असतात, आणि आम्ही चहा पितो. आपण त्या दिवशी जिंकत होतो म्हणजे नक्की काय करत होतो, हे मला अजूनही समजलेलं नाही. काल धीर करून विचारलं, "शेवटची मॅच कधी खेळायची?"

"घाई काय आहे?" साडूभाऊ म्हणाले. "अण्णांना मुदतवाढ दिलीय." आणि भर मे महिन्यात त्यांनी शाल खांद्यावर नीट ओढून घेतली.