दमणारा कुंचला

"त्याला अजून दमायचं कळंना, काका." बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायच्या. हे वाक्य मी पुष्कळांना ऐकवलं. ते कोणाचं, हे सांगायचं मात्र सात वर्षं टाळलं.

परभणीत माझं पाट्या रंगवायचं दुकान. हाताला कंप सुटला, फ्लेक्स आले, तेव्हा मी कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला या बाई आल्या. पिंगळीहून रोज रेल्वेनं यायच्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, डबा खातानाही समोरच्या भिंतीवरची अक्षरं बघणाऱ्या.

एकदा म्हणाल्या, कॉम्प्युटरमधला कुंचला खोटा आहे, त्याचा रंग कधी संपतच नाही. मी म्हटलं, तसल्या कुंचल्याची वाट बघण्यात आमची हयात गेली. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी कुंचला नव्यानं घडवायला घेतला. घडवायला म्हणजे लिहायला. चित्रं काढायच्या प्रोग्रॅमला एकेका ओळीत सूचना द्यायची: पेन एवढं दाबलं तर रेघ एवढी रुंद, रेघ एवढी लांब गेली तर रंग एवढा कमी. मला वाटायचं, आकड्यांतून कुठं अक्षर निघतं? एका दुपारी त्या जिंतूर रोडला जाऊन आल्या. तिथं सरकीच्या गोदामावर मी रंगवलेली जुनी अक्षरं आहेत. तुमच्यापैकी काहींनी बसमधून पाहिली असतील. बाईंनी ती टेपनं मोजली. एकदा बुडवलेला कुंचला किती चालायचा, वळणावर मी तो बोटांत कसा फिरवायचो, सगळं वाळलेल्या रंगावरून ओळखलं.

"काका, 'क'ची शेपटी ओढताना तुमी श्वास धरता. तिथं रेघ हलत न्हाई."

चाळीस वर्षं हा हात माझा होता. मला ठाऊक नव्हतं.

महिन्याभरानं त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी 'श्री' काढला. रेघ भरून निघाली, वळणावर बारीक झाली, शेवटी खडबडीत भिंतीवर केस विस्कटावेत तशी फाटत गेली आणि रंग संपला. हाताचा कंप त्यांनी गाळून टाकला होता. समोर माझा तिशीतला हात होता. मी नकळत चपला काढल्या.

"आता दमला," बाई म्हणाल्या.

आमच्या धंद्यात रीत होती: अक्षरं कोणीही भरो, पाटीच्या कोपऱ्यात नाव उस्तादाचं. कॉम्प्युटरवर चित्रं काढणाऱ्यांनी तो कुंचला वापरायला मागितला, तेव्हा मी त्याच सवयीनं त्यावर माझं नाव घातलं. सवय म्हणतो खरं, पण गोडही वाटलं होतं. सत्कार झाला. कोणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणालो, आयुष्यभराची साधना. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं त्या पुण्याला नोकरीच्या मुलाखतीसाठी गेल्या आणि तिथं हाच कुंचला दाखवला. साहेबांनी विचारलं, परभणीच्या पेंटरचं काम स्वतःचं म्हणून दाखवता? परत आल्यावर बाईंनी हे शांतपणे सांगितलं.

"दोन ओळी लिहून द्या, काका. मी चोरी केली न्हाई, एवढंच."

मी म्हणालो, पाहू. लोक काय म्हणतील याची धास्ती होती. आठवडा गेला, दुसरा गेला. मग बाई यायच्या थांबल्या.

मी पिंगळीला गेलो. सामान बांधून झालं होतं; त्या हैदराबादला भावाकडे निघाल्या होत्या. त्यांनी चहा दिला, माझ्या हाताची चौकशी केली. मी सोयाबीनचं बोललो, रेल्वेच्या उशिराचं बोललो आणि उठलो. उंबऱ्यापर्यंत त्या सोबत आल्या. काही ऐकायचं असल्यासारख्या थांबल्या. मी चपला घालण्यात वेळ काढला.

त्यांचं नाव इथंही लिहीत नाही. न विचारता नावं घालायचं आणि गाळायचं काम मी एकदा केलंय. पण तो कुंचला तुमच्याकडे आला असेल, तर त्यावरचं माझं नाव काढून टाका. त्या दिवशी उंबऱ्यात म्हणायचं राहिलं, ते एवढंच होतं: "बाई, कुंचला तुमचा. चोर मी."