हसू नका, बाई

रेडीची चूक एवढीच, की त्याने टीव्ही फुकट दिला.

शाळेच्या प्रॉमसाठी फोटोबूथ भाड्याने घ्यायचा होता आणि मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, दोघा बूथवाल्यांना बोलावलं होतं. दुसऱ्याच्या गाडीवर त्याचं नाव रंगवलेलं होतं. रेडीकडे गाडीच नव्हती, तर नाव कशावर रंगवणार? तेव्हा हातातून ऑर्डर निसटतेय असं दिसल्यावर तो म्हणाला, "सर, बूथच्या बाहेर एक मोठा टीव्हीपण लावतो. आतले फोटो रांगेतल्या पोरांना बाहेर दिसतील. त्याचे वेगळे काही नकोत."

फुकट हा शब्द ऐकला की मोठे सर चष्मा वर सरकवत. त्यांनी तो सरकवला आणि ऑर्डर रेडीला मिळाली. टीव्ही अर्थातच घरचा होता.

"आणि मी काय भिंत बघू?" बायको म्हणाली.

"एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

"तुमचे सगळे प्रश्न एका संध्याकाळचेच असतात. निस्तरत मी बसते वर्षभर."

त्याचं खरं नाव काय, हे आता त्याच्या सासऱ्यालाही चटकन आठवत नसेल. फोटो काढायच्या आधी "रेडी?" म्हणायची सवय, म्हणून तो रेडी. भाजीवालीही "रेडीभाऊ" म्हणायची आणि वजनात मारायची. उमेदीची सगळी वर्षं त्याने एकच काम केलं होतं: ओळखपत्राचे फोटो. शाळा, कचेऱ्या, कारखाने. पांढरा पडदा, एक स्टूल, आणि ठरलेली तीन वाक्यं: "हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका." दात दिसले की कचेरी फोटो परत पाठवायची आणि दुसरा फोटो रेडीला पदरचा काढावा लागायचा. त्यामुळे हसणाऱ्या माणसाचा त्याला मनापासून राग यायचा. नवी नोकरी लागलेली पोरं तर फार हसायची. त्यांना तो दरडावायचा, "अहो, लग्नाचा नाहीये हा!"

पुढे लोक फोनवरच आपापले फोटो काढायला लागले. दुकानात गिऱ्हाईक येईना, भिंतींना पोपडे तेवढे यायला लागले. तेव्हा रेडीने प्लायवूड आणि पाइपचा बूथ ठोकला, बायकोकडून काळा पडदा शिवून घेतला, पुठ्ठ्याच्या मिशा, मुकुट आणि बदामी चष्मे कापले, आणि जन्मभर लोकांना हसू नका सांगणारा माणूस हसण्याचं भाडं घ्यायला लागला. बायको म्हणायची, "आधी स्वतः शिका हसायला, मग लोकांना हसवा."

प्रॉमच्या दिवशी तो दुपारीच सामान घेऊन गेला. पूर्वी या दिवसाला निरोपसमारंभ म्हणत. भाषणं व्हायची आणि मुलं रडायची. निरोपामुळे की भाषणांमुळे, ते कळायचं नाही. आता हॉलभर दिव्यांच्या माळा होत्या, आणि पोरांच्या अंगावर थोरल्या भावांचे कोट होते, त्यांच्या बाह्या बोटांवर उतरलेल्या. बूथसाठी कोपरा मिळाला, पण कोपऱ्यातला प्लग बंद. चालू प्लग होता तो शेजारच्या ग्रंथालयात. वायर दारातून घ्यायची, म्हणजे दार उघडं ठेवायचं, म्हणजे किल्ली ज्यांच्याकडे त्या ग्रंथालयाच्या बाईंनी कार्यक्रम संपेपर्यंत थांबायचं.

बाई थांबल्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

काही वर्षांपूर्वी बाईंना ताप आला होता आणि एका सकाळी उठल्या तर चेहऱ्याची डावी बाजू गेलेली. औषधांनी डोळा मिटायला लागला, बोलणंही सुधारलं. ओठाचा डावा कोपरा तेवढा खाली गेला तो वर आलाच नाही. बोलताना त्या रुमाल तोंडाशी धरत. शाळेच्या गटफोटोच्या वेळी त्यांना नेमकं पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे बघायचं असे. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं "अर्धी सुट्टी". पोरं अशा बाबतीत फार हुशार असतात.

रेडी दिवे लावत होता तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आत फोटो कोण काढतं?"

"कुणी नाही, बाई. स्टुलावर बसायचं, लाल बटण दाबायचं. समोर तीन, दोन, एक दिसतं. चार फोटो होतात."

"आणि तुम्ही?"

"मी मागे, प्रिंटरपाशी. पडदा ओढला की आत तुम्ही आणि मशीन."

बाईंनी रुमाल तोंडावरून काढला नाही. पण बोलल्या. दूर राहणाऱ्या लेकीला मुलगी आहे, तीन वर्षांची. फोनवर आजी दिसली की विचारते, आजी माझ्यावर का रागावली? मग बाई कॅमेरा लावायच्याच बंद झाल्या. नुसत्या बोलतात. "लेक म्हणते, एक हसरा फोटो पाठव. पिल्लाला दाखवून ठेवते, म्हणजे सुट्टीत येऊ तेव्हा घाबरणार नाही. पण फोटोवाल्यासमोर मला ते जमत नाही. कुणी बघायला लागलं की हा कोपरा आणखीच दगड होतो."

"मग या की. पोरं जेवायला बाहेर गेली की मी हाक मारतो."

"नक्की कुणाला दिसणार नाही ना?"

"माझी गॅरंटी," रेडी म्हणाला. फुकट द्यायच्या वस्तूंत ही दुसरी.

संध्याकाळी बूथ असा चालला की विचारू नका. टीव्हीवर छापून आलेले फोटो दाखवायचे असं ठरलं होतं. पण दिव्यांचा अंदाज घ्यायला रेडीने आतलं चित्र जसंच्या तसं बाहेर दिसेल असं लावलं, आणि नेमकी त्याच वेळी पहिली चार पोरं आत घुसली. आत त्यांनी माकडचेष्टा केल्या, बाहेर हॉल खिदळला. मग प्रत्येक टोळीला वाटायला लागलं की आपण आधीच्यांपेक्षा भारी हसवायचं. मुलांची प्रतिनिधी येऊन म्हणाली, "काका, हे असंच चालू ठेवा हं, धमाल येतेय!" काकांनी ठेवलं. टीव्हीचं तोंड हॉलकडे आणि काकांचं प्रिंटरकडे. काकांना कागद संपतो की काय याची काळजी.

जेवणाची वेळ झाली, पोरं अंगणात गेली. रेडीने ग्रंथालयाच्या दारावर टकटक केली. बाई दारातून निघून भिंतीच्या कडेने तशाच बूथमध्ये शिरल्या. टीव्ही त्यांना दिसायचं काही कारणच नव्हतं. आत जाताना त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि रुमाल पर्समध्ये ठेवला.

बाहेर वारा सुटला होता. ताटल्या उडायला लागल्या तशी पोरं आपापल्या ताटल्या धरून परत हॉलमध्ये आली.

रेडी कागदाचं नवं भेंडोळं चढवत होता. आधी एक हसू ऐकू आलं, मग पाच-सहा, मग सगळा हॉल. वा, तो मनात म्हणाला, जमलं. भेंडोळं हातात धरूनच तो मजा बघायला पुढे आला.

टीव्हीवर दाराएवढा चेहरा होता. बाई डाव्या हाताच्या बोटाने ओठाचा कोपरा वर ढकलत होत्या. बोट काढलं की तो खाली यायचा. पुन्हा ढकलायच्या, पुन्हा यायचा. मग त्यांनी दोन बोटं लावून बघितली. तीन, दोन, एक. बोटं पटकन खाली. खट्.

आणि रेडी हसला. आपण काय बघतोय हे कळायच्या आत हसला. पुढ्यात सगळे हसत असले की तोंड थोडंच परवानगी विचारतं?

मग त्याला कळलं. रिमोट सापडेना. कुठली वायर टीव्हीची आणि कुठली बूथची, ते त्या गुंत्यात कळेना. शेवटी तो टीव्हीसमोर हात पसरून उभा राहिला. टीव्ही त्याच्याहून रुंद. दोन्ही बाजूंनी बाईंचा चेहरा दिसत राहिला आणि मधे रेडी. हॉलमध्ये आणखी मोठा हशा झाला. कुणाची तरी ताटली पडली.

पडदा सरकला. बाई बाहेर आल्या आणि हॉल एकदम गप्प झाला. त्या शांततेकडे त्यांनी बघितलं, मग रेडीच्या पसरलेल्या हातांकडे, मग त्याच्या मागे. टीव्हीवर आता रिकामं स्टूल दिसत होतं, अजून थोडं गोल फिरणारं.

"स्टूल डगमगतंय तुमचं," बाई म्हणाल्या. "एखादं पोर पडेल."

आणि ग्रंथालयात जाऊन बसल्या. वायर दारातून गेली होती ना. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांना जाता येत नव्हतं.

सामान आवरताना मोठे सर आले. रेडीला वाटलं, आता आपली बिनपाण्याने होणार. त्याने मान आधीच खाली घालून ठेवली. सर म्हणाले, "मुलं खूश आहेत. विशेषतः टीव्ही. पुढच्या वर्षी दोन लावा." आणि चष्मा वर सरकवून, "त्याचेही वेगळे काही नाहीत ना?"

"सर, ते ग्रंथालयाच्या बाईंचं..."

"हो, हो. होतं असं गर्दीत. त्या समजूतदार आहेत."

घरी टीव्ही जागेवर ठेवला, पण बायकोने तो लावला नाही. तिने फोन पुढे केला. कुणा पोराने सगळं टिपलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "अर्धी सुट्टी अखेर हसली". ते तिच्या बहिणीकडून तिच्याकडे आलं होतं.

"हा आपला टीव्ही ना? कोपऱ्यावरचा ओरखडा ओळखला मी."

रेडीने टीव्हीची वायर गुंडाळायला घेतली.

"आणि हे तुम्ही. हातात कागदाचं भेंडोळं घेऊन." तिने चित्र थांबवलं. "हसताय तुम्ही."

"मला कळलं नव्हतं गं..."

"दात दिसतायत. कचेरीने परत पाठवला असता हा फोटो."

दोन दिवस त्याने दुकान उघडलं आणि नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी जुन्या डिस्का काढल्या. शाळेची ओळखपत्रं त्यानेच केली होती. म्हटलं, आजारपणाच्या आधीचा बाईंचा एखादा फोटो सापडला तर तोच मोठा करून नेऊन देऊ. सापडला. तरुण बाई, दोन्ही डोळे सारखे, दोन्ही कोपरे सारखे, ओठ घट्ट मिटलेले. अशा तरतरीत चेहऱ्याला कुणी ओठ मिटायला लावले असतील, हे रेडीला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही.

मग त्याने बूथमधले चार फोटो उघडले. तिसऱ्यात उजवी बाजू छान हसली होती. त्याने चेहरा मधोमध कापला, उजवा अर्धा उलटा करून डावीकडे बसवला, सांधा पुसला. कॉम्प्युटरवर एक गोड, गोल, हसरी बाई आली. रेडीला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. चांगल्या कागदावर काढून तो बाईंच्या घरी गेला.

दोन खोल्या, एक खुर्ची. खुर्ची त्यांनी त्याला दिली. फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला.

"ही कोण?"

"तुम्हीच, बाई. इकडची बाजू तिकडे लावलीय. काही खोटं नाही त्यात, सगळं तुमचंच आहे."

"हो का," बाई म्हणाल्या.

"त्या दिवशी माझं..."

"पाहिलं मी ते. फोनवर आलं होतं." त्या फोटोकडेच बघत होत्या. "पोरांचं काय एवढं. पोरं हसतात."

त्या पुढे काही बोलतील, तुमचंही काय एवढं, असं काहीतरी, म्हणून रेडी खुर्चीच्या कडेवर थांबला. बाईंनी खिडकी लावली.

"याचे किती झाले?"

"काही नको, बाई. खरंच."

"फुकटचं नको मला. आत्ता सुटे नाहीत. येऊन घेऊन जा."

त्यानंतर महिनाभराने बाईंचा फोन आला. आवाज ग्रंथालयातलाच, पुस्तक परत करा सांगणारा. "तुमचे पैसे राहिलेत." रेडी म्हणाला, राहू द्या. बाई म्हणाल्या, राहू कसे द्या? आणि मग, त्याने विचारलं नसताना, त्याच आवाजात सांगितलं: फोटो पाठवला. पिल्लू हरखून गेलं. लेकीने मोठा करून पलंगाशी लावला. नात रोज झोपताना त्याला पापी देते. आता फोनवर आवाज ऐकला की फोटोकडे बोट दाखवते. लेक म्हणाली, आई, तू कॅमेरा नको लावूस हं, तिच्या मनात ते छान बसलंय. सुट्टीत येणार होते. आता पुढच्या वर्षी बघू म्हणतायत, जरा कळती झाली की.

"बाई, मी..."

"सुटे काढून ठेवलेत. दाराशीच देईन, बसावंही लागणार नाही."

"येतो," रेडी म्हणाला.

गेला नाही. बाजारात जायचा सरळ रस्ता बाईंच्या दारावरून जातो, म्हणून तो बूथचे पाइप खांद्यावर घेऊन मागच्या गल्लीने फिरून जातो. बायको विचारते, लांबून का जाता. तो म्हणतो, सावली आहे. फोन वाजतो, नाव दिसतं, तो वाजू देतो. एका फोटोचे पैसे ते कितीसे? पण बाई ते मोजून हातावर ठेवणार, आणि तेवढा वेळ त्याला त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागणार.