इंद्रभानची पाणपोई

इंद्रभान वायरमन मातीतून दिवा पेटवतो, असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच आधी वैद्याकडे नेलं असतं. पण तो दिवा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि आजही आठवलं की अंगावर काटा येतो!

मी तुळशीराम शिंपी. देऊळगाव राजाच्या बाजारात रंगरावांच्या इमारतीत माझं दुकान, शेजारी त्यांचीच पिठाची गिरणी. महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती आणि बाजारात वीज येऊन दोन. गिरणीवर सोजराबाई दळणं ओतायची. लोखंडाला हात लागला की कधीकधी झिणझिण्या यायच्या. ती हात झटकून म्हणायची, "चावते मेली!" गिरणी चावते, हे आम्ही सगळ्यांनी मान्यच करून टाकलं होतं. म्हैस नाही का लाथ मारत, तसंच.

इंद्रभान मात्र ते ऐकून पिसाळायचा. धाड गावचा गडी, पंचविशीचा, सायकलच्या दांडीला पक्कड-हातोड्याची पिशवी. विजेच्या खांबाला चिकटून मेलेला बैल त्यानं धाडच्या बाजारात पाहिला होता.

"मावशी, निदान पायात चप्पल तरी घाल," तो तिला म्हणाला.

"धान्य म्हणजे लक्ष्मी हाय बे! तिच्याम्होरं चप्पल घालू?"

इमारतीतल्या एकाही बाईनं दळणापाशी कधी चप्पल घातली नव्हती.

मग माघात त्यानं इमारतीच्या कडेला पुरुषभर खड्डा खणला. तळाशी जस्ताचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ, आणि पत्र्याची तार थेट गिरणीच्या लोखंडाला. मी कापड बेतता बेतता विचारलं, "काऊन बे, लोणचं घालून राह्यला का?"

"हसू नका, तुळशीरामभाऊ. इजेच्या करंटाले मातीत जायाची वाट पायजे. वाट भेटली तर फ्यूज उडते, गिरणी बंद पडते. नाही भेटली तर ते बाईच्या अंगातून जाते."

आणि खात्री करायला त्यानं बल्बची एक वायर चालू तारेला लावली, दुसरी खड्ड्यातल्या तारेला. लख्ख उजेड! आख्खा बाजार गोळा झाला. मी कात्री टाकून पोरासारख्या टाळ्या पिटल्या. रंगरावांनी तर सगळ्यांना चहा पाजला.

पण चैत्र लागला, माती वाळली, आणि तोच बल्ब विडीच्या टोकाएवढा लाल दिसू लागला. वाळलेल्या मातीत वाट बंद. खड्डा ओला ठेवायला इंद्रभान रंगरावांकडे रोजच्या दोन बादल्या पाणी मागायला गेला.

"विहिरीचा तळ दिसून राह्यला अन् तू खड्ड्यात पाणी ओत म्हणतो? लोक तोंडात शेण घालतील माह्या!"

तो माझ्या पायरीवर येऊन डोकं धरून बसला. "मावशी मरंल हो," एवढंच म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. मला माझ्या लोणच्याच्या थट्टेची लाज वाटली.

तेवढ्यात दुसरबीडचा एक बाजारकरू पाणी मागायला दारात आला. मी तांब्यानं धार धरली, तो ओंजळीनं प्याला. निम्मं पाणी पोटात, निम्मं जमिनीवर. त्या ओल्या मातीकडे बघत इंद्रभान ताडकन उठला.

"पाणपोई! भाऊ, पाणपोई!"

खड्ड्याला दोन बादल्या न देणाऱ्या रंगरावांनी पुण्यासाठी दोन रांजण दिले, रोज भरायला गडीही दिला! रांजण खड्ड्यापासून चार हातांवर ठेवले आणि सांडलेलं पाणी नालीनं खड्ड्यात सोडलं. दोन दिवस लोक पाणी पीत राहिले. तिसऱ्या दिवशी बल्ब लावला, तर पुन्हा लख्ख! इंद्रभाननं मला उचलून गरकन फिरवलं. माझी टेप गळ्यातून कुठल्या कुठे गेली.

वैशाखात लग्नसराईची दळणं. भर दुपारी सोजराबाई दोन्ही हातांनी लोखंड धरून गहू खाली ढकलत होती. फट् आवाज झाला आणि गिरणी थांबली.

इंद्रभान समोरच्या दुकानातून धावत आला. त्यानं मोटार उघडली. आतली वायर घासून उघडी पडली होती आणि लोखंडाला टेकली होती. त्यानं उडालेला फ्यूज आम्हाला दाखवला आणि खड्ड्याकडे बोट केलं.

सोजराबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यावर तुटून पडली. "काऊन बंद केली बे? लग्नाचं दळण हाय! कधी होईन आता?"

"होईन, मावशी, होईन," म्हणत तो हसत होता आणि रडतही होता. तिला कळेना, या पोराला झालंय काय. आम्ही कुणी तिला सांगितलंही नाही.

मी बाहेर गेलो. रांजणातून तांब्या भरला, आणि तहान लागलेली असूनही सगळं पाणी नालीत ओतलं. पुढच्या सालापासून गडी मी लावू दिला नाही. चैत्र लागला की ते रांजण मीच भरतो.